अठराव्या वर्षी गावात काय चाललं होतं?

मोबाइलवर एक तक्ता अधूनमधून फिरत येतो. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले बेबी बूमर, १९६५ ते १९८० वाले जनरेशन एक्स, १९८१ ते १९९६ वाले मिलेनियल, १९९७ ते २०१२ वाले जेन झी. खाली प्रत्येकाच्या नावाने एकेक स्वभाव चिकटवलेला असतो. हे कष्टाळू, ते संशयी, हे लाडावलेले, ते मोबाइलवेडे. बेळगावातल्या एखाद्या गल्लीच्या ग्रूपवर हा तक्ता पडला की पोरं बापाला 'बूमर' म्हणून चिडवतात, बापही 'तुमची जेन झी' म्हणून हिशेब चुकता करतो. या रेघा आखल्या कुणी आणि त्या शहापूर-वडगावच्या माणसाला का लागू व्हाव्यात, हे मात्र कुणी विचारत नाही.

रेघा अमेरिकेत आखल्या गेल्या. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि १९४६ पासून तिथे जन्मांची संख्या एकदम उसळली. १९६४ नंतर ती ओसरली. म्हणजे 'बूमर' या नावाला निदान जन्मनोंदणीचा आधार आहे. पुढच्या नावांना तेवढाही नाही. मिलेनियल आणि जेन झी यांच्यामधली १९९६ ची रेघ प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये पक्की केली. तिच्यामागच्या कारणांपैकी एक असं, की ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला ज्यांना आठवतो ते रेघेच्या एका बाजूला आणि तो आठवण्याइतके ज्यांचे वय नव्हते ते दुसऱ्या बाजूला. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरून खानापूरच्या पोराची पिढी ठरवायची, असा हा मामला. अमेरिकेतल्याच समाजशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्यूला जाहीर पत्र लिहून ही नावं सोडा असं सांगितलं. २०२३ मध्ये प्यूनेही यापुढे ती जपून वापरू असं जाहीर केलं. आपल्याकडे तक्ता अजून फिरतोय.

तक्ता टाकाऊ आहे, पण त्यामागची कल्पना टाकाऊ नाही. ती नीट समजून घ्यायची तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

बुडापेस्टचा एक समाजशास्त्रज्ञ

कार्ल मानहाइम १८९३ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत उलथापालथ झाली तेव्हा देश सोडून जर्मनीत आला, तिथे प्राध्यापक झाला. १९३३ मध्ये नाझींनी त्याची नोकरी घालवली आणि तो लंडनला गेला. एकाच आयुष्यात इतकी राज्यं बदललेली पाहणाऱ्या माणसाने पिढी या विषयावर लिहावं यात नवल नाही. त्याचा निबंध १९२८ चा. आजही या विषयावर बोलायला बसलं की सुरुवात तिथूनच होते.

घरातल्या पिढ्या मोजणं सोपं असतं: आजा, बाप, नातू. पण समाजात मुलं रोजच जन्मतात, त्यात वीस-पंचवीस वर्षांचं अंतर कुठून येणार? मानहाइमचं उत्तर असं की नुसतं एका सुमाराला जन्मल्याने पिढी होत नाही, त्याने फक्त पिढी होण्याची शक्यता तयार होते. एका सुमाराला जन्मलेली, एकाच समाजात वाढलेली माणसं कोवळ्या वयात एकाच मोठ्या घडामोडीत सापडली, तिने त्यांना हलवलं, तरच खरी पिढी तयार होते. त्याच काळात दूर खेड्यात त्याच वयाचा शेतकरी असेल आणि शहरातल्या वादळाची झुळूकही त्याच्यापर्यंत पोचली नसेल, तर तो कागदोपत्री समवयस्क असतो, त्या पिढीचा नसतो.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकाच घडामोडीत सापडलेले सगळे एकाच बाजूला जात नाहीत. एकाच पिढीत एकमेकांविरुद्ध उभे असलेले गट असतात. त्यांचं उत्तर वेगळं असतं, पण प्रश्न एकच असतो, आणि तो प्रश्नच त्यांना एका पिढीचे करतो. याकडे पुढे येऊच, कारण बेळगाव, निपाणी, खानापूर अशा कर्नाटकातल्या मराठी सीमाभागाइतकं याचं चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

कोवळं वय म्हणजे नेमकं किती?

मानहाइमने सतराव्या वर्षाच्या आसपासचा काळ सांगितला होता. नंतरच्या संशोधकांनी तो थोडा पसरवला, साधारण पंधरा ते पंचवीस असा. याच वयात का? लहानपणी जग म्हणजे घर. राजकारण, पैसा, जात, भाषा हे सगळं घरच्यांच्या तोंडून येतं. सतरा-अठराव्या वर्षी माणूस पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बाहेरचं जग पाहतो आणि तुलनेला त्याच्याकडे आधीचं काही नसतं. जे पाहिलं तेच त्याला 'असंच असतं' वाटतं. चाळिशीत तीच गोष्ट घडली तर ती आधीच्या पंचवीस वर्षांच्या शेजारी ठेवून पाहिली जाते, म्हणून तिचा जोर कमी होतो.

उद्यमबागच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तेवढ्या वेळात त्याचा आकार ठरतो. नंतर लेथवर चढवून घासता येतं, भोकं पाडता येतात, पण पंपाच्या साच्यात ओतलेल्याचा गिअर होत नाही. माणूस लोखंडापेक्षा बराच लवचिक आहे, हे मात्र लक्षात असू द्या. पन्नाशीत मतं बदलणारेही असतात. फरक शक्यतेचा आहे.

याचे पुरावे निरनिराळ्या बाजूंनी मिळतात. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितलं की त्या सगळ्या वर्षांवर सारख्या पसरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे उंचवटा दिसतो. गाण्यांचंही तसंच. १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात निघालं की लोकांना आपण साधारण तेविशी-चोविशीचे असताना गाजलेली गाणी सर्वांत जास्त आवडतात. 'आमच्या वेळची गाणी' हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते आणि प्रत्येक पिढीला ते खरंच वाटत असतं.

त्याच वर्षी हॉवर्ड शूमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी एक अभ्यास छापला. १९८५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १४०० जणांना साधा प्रश्न विचारला होता: गेल्या पन्नास वर्षांतली देशातली किंवा जगातली सर्वांत महत्त्वाची एक-दोन घटना सांगा. उत्तरं आल्यावर त्यांनी हिशेब केला, की ती घटना घडली तेव्हा सांगणाऱ्याचं वय काय होतं. महायुद्ध सांगणारे बहुतेक युद्धाच्या वेळी तरुण होते, व्हिएतनाम सांगणारे साठच्या दशकात तरुण होते. घटना किती मोठी यापेक्षा आपण तेव्हा किती वर्षांचे होतो यावर उत्तर अधिक ठरत होतं.

थोड्या वर्षांनी किती फरक पडतो याचं धक्का देणारं उदाहरण ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने दिलं. १९३० च्या महामंदीत कॅलिफोर्नियातल्या दोन शहरांतली मुलं त्याने अभ्यासली. ओकलंडची मुलं १९२०-२१ ला जन्मलेली, बर्कलीची १९२८-२९ ला. दोन्हीकडे बापांचे पगार गेले होते. पण ओकलंडची मुलं तेव्हा दहा-पंधरा वर्षांची. त्यांनी छोटी कामं धरली, मुलींनी घर सांभाळलं, आणि आपलाही घराला आधार आहे ही जाणीव त्यांना मिळाली. बर्कलीची मुलं तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली. त्यांच्या वाट्याला फक्त चिडलेला बाप आणि घरातला ताण आला. पुढे वाढताना बर्कलीच्या, विशेषतः मुलग्यांना, जास्त त्रास झालेला दिसला. मंदी तीच, राज्य तेच, आठ वर्षांचा फरक.

आता आपला तक्ता

वर्षं आपण आपली घेऊ. सीमाभागात पिढ्या पाडणाऱ्या तारखा शोधायला फार कष्ट पडत नाहीत. त्या दरवर्षी पाळल्या जातात.

१९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरलं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हा जो कॉलेजात होता त्याला बेळगाव महाराष्ट्रात जाणार हे जवळपास ठरलेलं वाटत होतं. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याला विरोध करताना त्याच वर्षी १७ जानेवारीला गेलेले हुतात्मे आपण दरवर्षी आठवतो. १९३८ मध्ये जन्मलेला माणूस त्या वर्षी अठराचा होता. त्याचा धाकटा भाऊ सहाचा असेल तर त्याला झेंडे आठवतील, घरातली कुजबुज आठवेल, पण आपल्या हातून काही निसटलं असं त्याला वाटणार नाही. शाळेत गेला तेव्हापासून म्हैसूर राज्यच होतं.

त्यानंतरची पोरं वेगळ्याच गोष्टीत वाढली. १९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांचं उपोषण, ऑक्टोबरात हा वाद सोडवायला केंद्राने नेमलेला महाजन आयोग, आणि ऑगस्ट १९६७ चा त्याचा अहवाल: निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच. महाराष्ट्राने तो नाकारला. १९४९ च्या सुमारास जन्मलेल्यांचं सोळावं-अठरावं वर्ष अशा बातम्यांत गेलं. मोर्चे त्यांनीही काढले, पण त्यांच्या बोलण्यात निवेदन, आयोग, शिष्टमंडळ, दिल्ली हे शब्द जास्त येतात. थोरल्यांच्या बोलण्यात ते येत नाहीत. माझ्या मते ही वाट पाहणारी पिढी. त्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्या नावाची तारीख नाही.

मग १९८६. प्राथमिक शाळेत कन्नड सक्तीचं करण्याविरुद्ध आंदोलन उभं राहिलं, १ जूनला पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर त्या दिवशी आजही गर्दी होते. १९६८ च्या आगेमागे जन्मलेल्यांची ही पिढी. आज ते साठीकडे झुकलेत. गणपती मंडळाचे ज्येष्ठ, पतपेढ्यांचे संचालक, मराठी शाळांमधून नुकते निवृत्त झालेले मास्तर-बाई यांच्यात ही माणसं भरपूर सापडतील. त्यांच्याशी भाषेचा विषय काढला की आवाज आपोआप चढतो. मुलाखत घेणाऱ्या पोरांना ते 'भडक' वाटतात. ते भडक नाहीत, ते अठरा वर्षांचे आहेत.

पिढीसाठी जागा किती महत्त्वाची, हे पाहायला सीमाभागात एक तयार प्रयोग आहे. १९५६ पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका होता. पुनर्रचनेत तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बोली तीच, शेती तीच, सोयरीक तीच, बाजाराला आणि दवाखान्याला आजही बेळगावच. समजा, १९६८ मध्ये जन्मलेले दोन मावसभाऊ आहेत, एक चंदगड तालुक्यातल्या कोवाडचा, दुसरा बेळगाव तालुक्यातल्या उचगावचा. एकाने महाराष्ट्र बोर्डाची दहावी दिली, दुसऱ्याने एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावी. १९८६ च्या जूनमध्ये कोवाडच्या भावाने पेपरात बातमी वाचली, हळहळला आणि पेरणीच्या कामाला लागला. उचगावच्या भावाच्या घरात तेव्हा धाकटी भावंडं कुठल्या भाषेत शिकणार हा प्रश्न होता. मोबाइलवरच्या तक्त्यात दोघंही एकाच खान्यात बसतात. मानहाइमच्या हिशेबात ते दोन वेगळ्या पिढ्यांचे, आणि लग्नकार्यात एकत्र जेवायला बसले तरी हा फरक बोलताबोलता बाहेर पडतो. 'तुम्हाला काय, तुम्ही तिकडं' हे वाक्य ऐकलंय ना?

एकच प्रश्न, दोन बाजू

आता ते विरुद्ध गटांचं. १९८२ मध्ये कर्नाटकात गोकाक आंदोलन झालं. नाव बेळगाव जिल्ह्यातल्या गावाचं वाटतं, पण ते साहित्यिक वि. कृ. गोकाक यांच्या समितीवरून पडलं. शाळेत कन्नडला पहिलं स्थान हवं ही मागणी, आणि आंदोलनाच्या पुढे अभिनेते राजकुमार. त्या वर्षी अठराचा असलेला कन्नड मुलगा आणि चार वर्षांनी अठराचा झालेला मराठी मुलगा हे पुढे आयुष्यभर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, समोरासमोर आले. एक चन्नम्मा चौकातल्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, दुसरा त्याच दिवशी निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत. त्या दोघांना हे ऐकायला आवडणार नाही, पण ते एकाच पिढीचे आहेत. शाळेची भाषा ही जगातली सर्वांत मोठी गोष्ट आहे, याबद्दल दोघांचं एकमत आहे. दोघांचीही नातवंडं इंग्रजी माध्यमात जातात आणि आजोबा इतके का चिडतात हे दोन्ही घरांत कळत नाही.

आणि सगळा सीमाभाग भाषेवरच घडला असंही नाही. निपाणीकडे या. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. निपाणी, चिकोडी भागातला तेव्हाचा तरुण मराठी बोलत असो की कन्नड, त्याच्या मनावर कोरला गेला तो तंबाखूचा भाव. विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनाही त्याच सुमाराच्या. अशा माणसाला शूमन-स्कॉटचा प्रश्न विचारला तर तो बहुधा १९८६ नव्हे, १९८१ सांगेल. बेळगाव शहरातून लिहिताना आम्ही हे विसरतो. सीमाभागाची गोष्ट म्हणजे रामलिंगखिंड गल्लीची गोष्ट, असा एक समज शहरात आहेच.

ऐकलेली आठवण

मानहाइमने आणखी एक भेद केला होता. एक आठवण स्वतः कमावलेली, दुसरी आयती मिळालेली. पहिली घट्ट बसते. दुसरी खरी मानली जाते, आदराने सांभाळली जाते, पण हात सहज सुटतो.

१९८८ मध्ये जन्मलेल्या बेळगावकराचं बघा. १९५६ आणि १९८६ त्याला आयते मिळाले. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून हिंडलग्याला गेला असेल, शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा होऊन रात्रभर उभा राहिला असेल. त्याचं स्वतःचं काय? तो सोळाचा असताना, २००४ मध्ये, सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. म्हणजे रस्त्यावरून तो कागदावर गेला, तारखांवर गेला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळं फासलं गेलं, पालिका बरखास्त झाली. २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा बेळगावात भरलं, आणि २०१२ मध्ये त्यासाठीची इमारत, सुवर्णसौध, उभी राहिली. त्याच वर्षांत त्याचे मित्र इंजिनिअरिंग संपवून पुण्याच्या बसमध्ये बसत होते. त्याच्या पिढीला तोंडाला काळं फासण्याची बातमी आणि कॅम्पस इंटरव्ह्यू दोन्ही कोवळ्या वयातच भेटले. दुसरी गोष्ट पोटाशी जोडलेली होती.

म्हणून आजच्या पंचविशी-पस्तिशीतल्या मराठी माणसाला प्रश्न माहीत असतो, पाठ असतो, त्यावर तो वादही घालतो, पण त्याची झोप त्याने उडत नाही. थोरल्यांना हे बेइमानीसारखं वाटतं. त्यात बेइमानी काही नाही.

'आजची पोरं बिघडली' हे तपासायचं कसं?

इथे जरा सावध व्हायला हवं, कारण पिढीच्या नावावर कुठलंही पाप खपवता येतं. म्हातारी माणसं आणि तरुण माणसं यांच्यात फरक दिसला की त्याची तीन कारणं असू शकतात. वयाचं कारण: तरुणपणी सगळेच असे असतात, वय वाढलं की बदलतात. काळाचं कारण: आता सगळेच बदललेत, म्हातारेही. आणि पिढीचं कारण: हे लोक घडलेच वेगळे, म्हातारे झाले तरी असेच राहतील. अडचण अशी, की जन्मसाल म्हणजे चालू साल वजा वय. दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून तिघांना वेगळं करता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ कित्येक दशकं याच्याशी झगडतायत. बाहेरची काही माहिती आत आणल्याशिवाय गुंता सुटत नाही.

बेळगावातलं नेहमीचं उदाहरण घ्या: सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची मतं. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. २०२१ मध्ये महापालिकेतही भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. गल्लीतलं स्पष्टीकरण तयार असतं: 'आत्ताच्या पोरास्नी कायबी पडलेलं नाही.' म्हणजे पिढीचं कारण.

तपासून पाहू. वयाचं कारण लगेच बाद होतं. तरुण असल्याने माणूस उदासीन असतो म्हणावं, तर १९८६ मध्ये रस्त्यावर तरुणच होते. पिढीचं कारण खरं असेल तर घसरण हळूहळू, एकाच दिशेने व्हायला हवी, कारण जुने मतदार जातात आणि नवे येतात ते काही एका रात्रीत नाही. प्रत्यक्षात काय झालं? मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००८ मध्ये समितीचा आकडा शून्य होता. २०१३ मध्ये दोन आमदार आले. २०१८ मध्ये पुन्हा शून्य. पाच वर्षांत पिढी बदलून परत येत नसते. तिथे काळाची कारणं काम करत होती: राष्ट्रीय पक्षांची लाट, २०१३ मध्ये कर्नाटक भाजपमध्ये पडलेली फूट, समितीतली गटबाजी. आणि २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या एका तरुण उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली, त्याच्या प्रचाराला पोरांचीच गर्दी होती. 'पोरास्नी पडलेलं नाही' हे तिथे कुठे बसतं?

पिढीचा भाग अजिबात नाही असं मी म्हणत नाही. आधी लिहिलेला आयत्या आठवणीचा मुद्दा मला खरा वाटतो. पण समितीच्या पराभवाचं सगळं खापर पंचवीस वर्षांच्या पोरांवर फोडणं सोयीचं आहे, एवढंच. शून्य आमदार येण्यासाठी पन्नाशीच्या मतदारांनीही दुसरीकडे बटण दाबावं लागतं.

मतं टिकतात कशी, हेही बघायला हवं. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बेनिंग्टन नावाचं मुलींचं कॉलेज होतं. १९३० च्या दशकात थिओडोर न्यूकम याने तिथल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. श्रीमंत, पुराणमतवादी घरांतल्या मुली. कॉलेजात उदारमतवादी वातावरण, आणि चार वर्षांत बहुतेकींची मतं घराच्या उलट झाली. पंचवीसेक वर्षांनी पुन्हा भेटल्यावर बऱ्याच जणींची मतं तशीच होती, आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा पाहिलं तेव्हाही. पण त्याचं कारण फक्त तरुणपणीचा ठसा नव्हता. त्यांनी नवरे, मैत्रिणी, परिसर असे निवडले होते की ती मतं रोज वापरात राहिली. ठसा उमटणं वेगळं, तो जपला जाणं वेगळं.

हे सीमाभागाला तंतोतंत लागू पडतं. १९८६ चा जो तरुण बेळगावातच, अनगोळला राहिला, त्याला दर १ जूनला, दर १ नोव्हेंबरला, प्रत्येक कन्नड पाटीसमोर, कचेरीतल्या प्रत्येक अर्जावर आपलं मत पुन्हा घोटावं लागलं. त्याचाच मित्र पिंपरी-चिंचवडला कारखान्यात लागला. तिथे पाट्या मराठी, अर्ज मराठी, भांडायला कुणीच नाही. तीस वर्षांनी दोघं भेटले तर पुण्याचा मित्र हळवा असतो आणि अनगोळचा तिखट असतो. पिढी एकच, पण एकाचा ठसा रोज गिरवला गेला.

मुलींचं गणित यात निराळंच आहे. १९५६ मध्ये अठरा वर्षांच्या मुलीचं बहुधा लग्न झालेलं असायचं. गडहिंग्लजची मुलगी बेळगावला दिली, किंवा बेळगाव तालुक्यातली चंदगडला, तर तिच्यासाठी राज्यपुनर्रचना म्हणजे माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. सभा, फेरी, तुरुंग यांच्या आठवणी पुरुषांच्या नावावर जमा आहेत. त्या वयाच्या आजीला 'मोठी घटना कुठली' विचारलं तर ती शाळा बंद झाली ते साल सांगेल, किंवा गल्लीत नळ आला ते. तिच्या पिढीला घडवणारी गोष्ट तीच असू शकते, आणि ती कुठल्याही स्मारकावर लिहिलेली नाही.

आता जी मुलं पंधरा ते बावीसच्या मधे आहेत त्यांचं काय? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा काही चौथीत होती, काही दहावीत. एल्डरचा धडा इथे कामाचा आहे. दहावीतल्या मुलाने बापाच्या दुकानाचा हिशेब मोबाइलवर घेतला असेल, शेतावर गेला असेल. चौथीतल्याकडे नुसता घरातला ताण आला असेल, आणि बाराखडी कच्ची राहिली असेल. दोघांना 'कोविड पिढी' म्हणून एकाच खान्यात टाकलं तर हा फरक बुजतो. शिवाय २०१९ च्या ऑगस्टचा महापूर चिकोडी, गोकाकच्या नदीकाठच्या मुलांनी पाहिलाय, शहरातल्या बऱ्याच मुलांनी तो फोनवरच पाहिला. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाल्यानंतर दोन राज्यांतली बससेवा काही दिवस थांबली. कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्या निपाणीच्या मुलीसाठी ती बस म्हणजे कॉलेज. तिच्या लेखी सीमाप्रश्न बस बंद पडण्यापासून सुरू होतो की नाही, हे आत्ता कुणी सांगू शकत नाही. मानहाइमच्या भाषेत सध्या फक्त शक्यता तयार आहे.

घरच्या घरी बघायचं असेल तर शूमन-स्कॉटचा प्रश्न फुकट आहे. सुट्टीत सगळे जमले की प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, नाहीतर थोरल्याचं उत्तर सगळे उचलतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या दोन मोठ्या घटना. साल लिहा, त्यातून जन्मसाल वजा करा. बायकांना आणि परगावी राहणाऱ्यांना आवर्जून विचारा. जे कन्नड शेजारी गणपतीला येतात त्यांनाही विचारा, आणि त्यांच्या उत्तरातलं साल तुमच्या काकांच्या सालाशेजारी लिहून ठेवा.